किडनीच्या पथ्याचे खाद्य लहान कुत्र्याला कितपत उपयोगी पडते : सांगलीतून एक अभिप्राय

किडनीचा दीर्घकालीन आजार झालेल्या कुत्र्यांसाठी तयार मिळणारे पथ्याचे खाद्य, म्हणजे दुकानदार ज्याला ‘रीनल’ म्हणतात ते, सांगलीत आता मागवले की मिळते. ते घ्यावे का, एवढे पैसे त्यावर घालावेत का, असे ओळखीतले बरेच जण मला विचारतात, म्हणून हा सविस्तर अभिप्राय लिहीत आहे. रॉयल कॅनिन आणि हिल्स या दोन कंपन्यांची अशी खाद्ये आपल्याकडे अधिक परिचित आहेत. आम्ही वापरतो ते कोणत्या कंपनीचे, हे येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी सर्व खाद्ये मुळात एकाच तत्त्वावर बनवलेली असतात आणि एका कुत्र्याला कोणती चव रुचली यावरून दुसऱ्याने निवड करण्यात अर्थ नाही. माझे मत आधीच सांगते. खाद्य चांगले आहे आणि दिलेल्या पैशांचे मोल देणारे आहे. मात्र ते कुत्र्याने आवडीने खाल्ले की नाही, एवढ्यावर त्याची परीक्षा होत नाही. दिवसभरात कुत्र्याच्या पोटात एकूण काय गेले आणि त्यानंतर रक्ताच्या तपासणीत काय दिसले, यावर ती करावी लागते.

आमची ठकी म्हणजे आपल्याकडे सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हटली जाणारी, पण खरे पाहता इंडियन स्पिट्झ जातीची वयस्क मादी आहे. वजन सहा किलोंच्या आसपास. ती वारंवार पाणी पिऊ लागली, रात्री लघवीसाठी उठवू लागली आणि तिच्या तोंडाला उग्र दर्प येऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी रक्त व लघवी तपासून किडनीचा आजार चारपैकी दुसऱ्या टप्प्यात असल्याचे सांगितले. कुत्रे दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी पिऊ लागले तर तपासणी करून घ्यावी, असा पशुवैद्यकांचा साधारण नियम आहे. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र ही तहान उन्हाळ्याच्या खात्यावर जमा होते आणि त्यात महत्त्वाचा काळ निघून जातो. पाणी मोजणे कठीण नसते. सकाळी मापाने भरलेल्या भांड्यात रात्री किती उरले, एवढेच पाहायचे असते. लघवी जास्त होते म्हणून पाणी कमी करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि ऐकू नये. अशा कुत्र्याला पाणी तोडणे हे त्याच्या उरलेल्या किडनीवर घाव घालण्यासारखे आहे.

या खाद्यात वेगळे काय असते, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत पटत नाही. प्रौढ कुत्र्याच्या नेहमीच्या कोरड्या खाद्यात प्रथिने साधारणपणे २० टक्क्यांच्या वर असतात, तर पथ्याच्या खाद्यात ती १४ ते १६ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असतात आणि जी असतात ती सहज पचणारी निवडलेली असतात. बहुतेकांचे लक्ष या प्रथिनांवरच जाते. माझ्या वाचनानुसार आणि डॉक्टरांनी समजावले त्यानुसार त्याहून महत्त्वाचा घटक फॉस्फरस हा आहे. दुर्बल किडनीला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो, त्यामुळे गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो, हाडांतील कॅल्शियम ओढले जाते आणि किडनीच्या पेशींत क्षार साचून आजार आपल्याच गतीने पुढे सरकतो. फॉस्फरस कमी ठेवला की हे चक्र मंदावते. याशिवाय मीठ मर्यादित असते, रक्तातील आम्लता कमी करणारे घटक असतात, माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले असतात, लघवीवाटे वाहून जाणारी ब गटातील जीवनसत्त्वे भरून काढलेली असतात आणि थोड्या घासांत पुरेशी ऊर्जा मिळावी म्हणून चरबीचे प्रमाण वाढवलेले असते. कुत्र्याची भूक मंदावलेली असताना हे शेवटचे वैशिष्ट्य फार उपयोगी पडते.

अशा खाद्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांची वाट दाखवणारी ‘बडी’ ही जर्मन शेफर्ड कुत्री किडनीच्या आजाराने खंगू लागली, तेव्हा न्यू जर्सीतील पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी तिच्यासाठी प्रथिने आणि क्षार कमी असलेले खाद्य घरच्या घरी तयार केले. हा काळ १९३०च्या दशकाच्या अखेरीचा. प्रारंभी ते काचेच्या बरण्यांतून पाठवले जाई, बरण्या फुटू लागल्यावर पत्र्याच्या डब्यांत भरले जाऊ लागले, आणि १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथील हिल कंपनीने ते बनवायला घेतले. हे सांगण्याचे कारण असे की, ‘हे अलीकडचे कंपन्यांचे खूळ आहे’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत किडनीचा आजार असलेल्या ३८ कुत्र्यांना दोन गटांत विभागून दोन वर्षांपर्यंत पाहिले गेले, आणि पथ्याच्या खाद्यावर असलेल्या गटात रक्तातील विषारी द्रव्ये वाढून अत्यवस्थ होण्याचे प्रसंग बरेच कमी आढळले. कुत्र्यांच्या किडनीच्या उपचारांत इतका सरळ पुरावा असलेल्या गोष्टी थोड्याच आहेत.

खाद्य केव्हा सुरू करावे याचे उत्तर तपासणीत असते. किडनीच्या आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वर्गीकरणानुसार कुत्र्याच्या रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचे एक टाकाऊ द्रव्य, दर डेसिलिटरमागे १.४ ते २.८ मिलिग्रॅम असेल तर दुसरा टप्पा, २.९ ते ५ असेल तर तिसरा आणि त्यापुढे चौथा टप्पा मानला जातो. पथ्याचे खाद्य सर्वसाधारणपणे दुसऱ्या टप्प्यापासून सुचवले जाते. लहान आणि वयस्क कुत्र्यांत एक अडचण असते, ती लक्षात ठेवावी. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होते, आणि ज्या कुत्र्याचे मांस झडले आहे त्याचा आकडा आजार वाढूनही बेताचाच दिसू शकतो. त्यासाठी एसडीएमए नावाची चाचणी आहे, जिच्यावर स्नायूंच्या झिजेचा तसा परिणाम होत नाही. आमच्या डॉक्टरांनी ठकीचा नमुना त्यासाठी बाहेर पाठवला होता. क्रिएटिनिन रक्तात वाढलेले दिसेपर्यंत किडनीचे सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडलेले असते, हे ऐकल्यावर मला जो धक्का बसला तो मी विसरू शकत नाही. घरात आठ वर्षांपुढचे लहान कुत्रे असेल तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता प्रत्यक्ष अनुभव. पहिली आणि सर्वांत मोठी कसोटी असते ती कुत्र्याने हे खाद्य स्वीकारण्याची. मीठ, प्रथिने आणि मांसाचा वास बेताचा असल्यामुळे घरच्या ताटाला चटावलेले कुत्रे ते हुंगून बाजूला होते, आणि त्यात रक्तातील युरिया वाढलेला असेल तर मळमळीमुळे त्याला कोणतेच अन्न नको असते. येथे आमच्या डॉक्टरांनी दिलेला एक सल्ला मला फार मोलाचा वाटतो. कुत्रे सलाइनवर असताना, उलट्या होत असताना किंवा दवाखान्यात ठेवलेले असताना हे खाद्य त्याच्यासमोर आणूच नये, कारण त्या वासाची आणि मळमळीची त्याच्या मनात सांगड बसते आणि पुढे प्रकृती सुधारली तरी ते या खाद्याकडे ढुंकून पाहत नाही. आधी मळमळीचे औषध देऊन पोट स्थिर करावे, मिळेल ते नेहमीचे अन्न पोटात जाऊ द्यावे आणि नंतरच पथ्याकडे वळावे. आम्ही नेहमीच्या भातात चिमूटभर दाण्यांपासून सुरुवात केली आणि प्रमाण सावकाश वाढवत नेले. पुड्यावर आठवडाभरात बदल करण्याचे सुचवलेले असते. वयस्क आणि चोखंदळ लहान कुत्र्यासाठी दोन ते तीन आठवडे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ द्यावा, असे माझे मत आहे. दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवले की वास खुलतो, दात दुखत असलेल्या कुत्र्याला चावायला सोपे जाते आणि नकळत पाणीही पोटात जाते. भिजवलेले अन्न मात्र तासाभरात उचलावे, कारण आपल्या हवेत ते लवकर आंबते. दिवसाला दोन मोठ्या वेळांऐवजी चार लहान वेळा दिल्या की ठकीचे ताट रिकामे होते, हेही आमच्या ध्यानात आले.

त्याहून कठीण भाग पुड्याबाहेरचा आहे, आणि सांगलीत तो विशेष कठीण आहे. आपला जिल्हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज या बाजूंच्या पाहुण्यांकडून घरात बेदाण्याच्या पिशव्या येतात, हंगामात द्राक्षांच्या पेट्या येतात आणि येता-जाता कुत्र्याला चार दाणे देणे ही प्रेमाची रीत समजली जाते. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची किडनी अचानक निकामी करू शकतात, हे २००० नंतरच्या काळात अमेरिकेतील प्राणी-विषबाधा केंद्राकडे आलेल्या प्रकरणांतून पुढे आले. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अलीकडे, २०२१ पासून, मांडले जात आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, आणि आपल्या आमटीत चिंच असते, शिवाय कांदा-लसूण असतो, जो कुत्र्याच्या तांबड्या पेशींना अपायकारक आहे. कोणत्या कुत्र्याला किती बेदाणे बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही; म्हणून निरोगी कुत्र्यालाही ते देऊ नयेत आणि ज्याची किडनी आधीच थकली आहे त्याच्या आसपास पिशवी उघडी राहू देऊ नये. आमच्या घरी सासऱ्यांना ठकीचा फार लळा आहे आणि दुपारच्या चहाबरोबर तिला काही ना काही देण्याची त्यांची सवय होती. त्यांना नुसते ‘देऊ नका’ म्हणणे मला प्रशस्त वाटले नाही. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून कारण समजावले, आणि तेव्हापासून ते ठकीसाठी सफरचंदाची पातळ फोड किंवा उकडलेल्या गाजराचा तुकडा जवळ ठेवतात. घरातील वडीलधाऱ्यांना पथ्याचे राखणदार केले तर पथ्य टिकते, असा माझा अनुभव आहे.

दूध, पनीर, हाडे, काळीज आणि अंड्यातील पिवळा बलक या गोष्टी तुलनेने फॉस्फरसच्या दृष्टीने महागात पडतात. शंभर ग्रॅम पिवळ्या बलकात सुमारे ३९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, तर तेवढ्याच पांढऱ्या भागात जेमतेम १५. म्हणूनच डॉक्टर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चालेल म्हणतात आणि बलक काढून टाकायला सांगतात. भाकरी-दूध हे तर आपल्याकडे कुत्र्याचे ठरलेले जेवण. ज्वारीच्या पिठात पांढऱ्या तांदळापेक्षा फॉस्फरस बराच अधिक असतो आणि त्यावर दूध ओतले की त्यात भरच पडते. पथ्याचे महागडे दाणे सकाळी देऊन संध्याकाळी वाटीभर दूध-भाकरी देणाऱ्या घरांत ‘खाद्याचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष खाद्याचा नसतो.

खर्चाचा हिशेब लहान कुत्र्याच्या बाजूने आहे. सहा किलोंच्या वयस्क कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० किलोकॅलरी लागतात, आणि या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅममागे ४०० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा असते; म्हणजे दिवसाला ८५ ते ९० ग्रॅम आणि महिन्याला अडीच-पावणेतीन किलो पुरतात. हेच तीस किलोंच्या लॅब्रेडॉरला महिन्याला नऊ किलोंहून अधिक लागेल. दर किलोमागचा भाव नेहमीच्या खाद्यापेक्षा बराच जास्त असला तरी लहान कुत्र्याच्या घराला तो झेपण्यासारखा आहे, आणि अत्यवस्थ होऊन काही दिवस सलाइनवर ठेवण्याच्या एका प्रसंगाचा खर्च त्याहून किती अधिक होतो, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मोठा पुडा स्वस्त पडतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो. लहान कुत्र्यासाठी तो टाळावा. या खाद्यात चरबी आणि माशाचे तेल अधिक असल्यामुळे उघडलेला पुडा आपल्या उन्हाळ्यात लवकर खवट होतो, आणि पावसाळ्यात दाणे ओल धरतात. मूळ पुड्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढेच घ्यावे.

खरेदीच्या बाबतीत सावध राहावे. एका दुकानात हे खाद्य ‘म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी उत्तम’ असे सांगून मला एका निरोगी कुत्र्यासाठीही देऊ केले होते, आणि दुसरीकडे मुदत संपत आलेला पुडा पुढे केला गेला. हे खाद्य वयासाठी नसून आजारासाठी आहे. तपासणीचा कागद हातात असल्याशिवाय ते घेऊ नये आणि घेताना तारीख स्वतः वाचावी.

तयार खाद्य परवडत नसेल तर घरी करता येईल का? करता येते, परंतु अंदाजाने नव्हे. पांढरा भात, अंड्याचा पांढरा भाग, उकडलेला बटाटा किंवा दुधी, थोडे कोंबडीचे मांस आणि ऊर्जेसाठी तेल किंवा तूप असा पाया ठेवून पशुवैद्य प्रमाण ठरवून देतात. त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड वेगळी घालावी लागते, कारण नुसता भात आणि अंडे यांवर कुत्रे काही महिन्यांत खंगते. आम्ही खाद्यावर आठवड्यातून एक-दोनदा मऊ भात आणि अंड्याचा पांढरा भाग मिसळतो. त्याने ठकीची रुची टिकते आणि डॉक्टरांची त्याला संमती आहे.

खाद्य काय करत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. ते झिजलेली किडनी पूर्ववत करत नाही. लघवीतून प्रथिने जात असतील तर बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध लागते, आणि रक्तदाब १६० च्या पुढे राहत असेल तर अॅम्लोडिपिन. ही औषधे खाद्याची जागा घेत नाहीत आणि खाद्य त्यांची. पथ्य पाळूनही फॉस्फरस खाली येत नसेल तर तो आतड्यातच बांधून ठेवणारी पूड जेवणात मिसळून देतात, जेवणानंतर वेगळी नव्हे. काही कुत्र्यांना कातडीखाली सलाइन द्यावे लागते आणि ते डॉक्टर घरीच द्यायला शिकवतात. आजाराचे मूळही शोधावे लागते. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया हा संसर्ग किडनीतून प्रथिने गळण्याचे एक कारण असतो, आणि उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी ज्या गल्ल्यांत शिरले तेथील कुत्र्यांना लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी देणे आवश्यक आहे, आणि पुराच्या पाण्यात कुत्र्याला उतरू देऊ नये. दुखण्यावर घरातील आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देण्याची पद्धत तर तत्काळ थांबली पाहिजे, कारण ती लहान कुत्र्याच्या किडनीला थेट इजा करते. स्थानिक दवाखान्यात तपासण्यांची सोय अपुरी पडली तर आपल्या भागाला शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हा आधार आहे.

ठकीचे वजन या खाद्यावर टिकून आहे आणि तिच्या केसांना पुन्हा चमक आली आहे. दुसऱ्या टप्प्यात रक्तातील फॉस्फरस दर डेसिलिटरमागे ४.६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचे जे उद्दिष्ट असते, त्याच्या आत तिचा आकडा आला आहे. क्रिएटिनिन खाली आलेले नाही आणि यावेही अशी अपेक्षा नव्हती. ते वर गेलेले नाही, याचे मला समाधान आहे. रात्री ती अजूनही एकदा उठवते.

वाढीच्या वयातील पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला हे खाद्य देऊ नये. ज्या कुत्र्याला पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे, त्याच्या बाबतीत यातील चरबी त्रासदायक ठरू शकते, आणि स्पिट्झ, पग, डॅशंड अशा सुटलेल्या पोटाच्या लहान कुत्र्यांत हा प्रश्न वरचेवर येतो. अशा वेळी कोणता प्रकार घ्यावा हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. खाद्य सुरू केल्यानंतर साधारण महिन्याभराने वजन, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासावी, आणि दुसरा पुडा त्यानंतर घ्यावा.